ओपल हॅथकॉकचे घर, ओव्हन आणि ससाण्यांचा डिसेंबर

मी, श्रीमती ओपल जीन हॅथकॉक, दिवंगत बफर्ड हॅथकॉक यांची पत्नी, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी केक करणे व त्यावर गिऱ्हाईक सांगेल ते लिहिणे, सध्या निवृत्त, राहणार घर क्रमांक २१४, डॉगवुड रस्ता, हार्लन क्रीक, अलाबामा, हे मृत्युपत्र लिहून ठेवते ऐसे जे, गुडघे सोडल्यास माझी प्रकृती ठणठणीत आहे. बुद्धी शाबूत आहे. पुरावा हवा असल्यास, गेल्या शहात्तर वर्षांत कॉल्डर स्टेट कॉलेजच्या फुटबॉल संघाकडून मी एकदाही कसलीही आशा ठेवलेली नाही.

असा कागद स्वखुशीने लिहीत आहे असे म्हणण्याची पद्धत असते. मी तो खुशीने लिहीत नाही, वैतागून लिहीत आहे. पण वैताग माझा स्वतःचा आहे, मला कोणी भरीस घातलेले नाही. २०१५ साली केलेले मृत्युपत्र या कागदाने रद्द समजावे.

माझे वकील क्लिफ्टन यार्बरो यांनी मला बजावले आहे (आमच्याकडे आजीबाईलाही मिसच म्हणतात), "मिस ओपल, मालमत्ता लिहा. मतं लिहू नका." मी म्हटले, "क्लिफ्टन, माझी मालमत्ता अर्ध्या पानात संपते." तेव्हा उरलेली पाने मतांची आहेत आणि तीही वारसांनी वाटून घ्यावीत.

कलम १. हा कागद आजच का

माझा एकुलता एक मुलगा रँडल, वय अठ्ठेचाळीस, माझ्या समोरच्याच घरात राहतो. त्याच्या हृदयाची एक झडप बिघडली आहे. त्याच्या वडिलांची बिघडली होती तीच. शहरातल्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी १८ सप्टेंबर ही तारीख दिली होती. गेल्या आठवड्यात रँडलने रुग्णालयात स्वतः फोन करून ती पुढच्या ९ जानेवारीवर ढकलली. मला न सांगता. मला त्याच्या बायकोने, रोंडाने, कुंपणापाशी रडत रडत सांगितले.

तारीख ढकलण्याचे कारण असे की डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी आमच्या विभागाचा अंतिम सामना असतो, आणि त्यात यंदा कॉल्डर स्टेटचे ससाणे खेळणार अशी त्याची पक्की खात्री आहे. त्यानंतर नववर्षाच्या दिवशीचा मोठा सामना. तोही ससाणेच खेळणार. मग आठवडाभर आनंद साजरा करायचा, आणि मग ऑपरेशन.

आज ऑगस्टची चौदा तारीख आहे. ससाण्यांनी अजून एका चेंडूला हात लावलेला नाही. गेल्या मोसमात बारापैकी चार सामने जिंकले. अंतिम सामन्यात ते आयुष्यात एकदाच पोहोचले, १९७७ साली, आणि तिथेही हरले.

रँडलने सप्टेंबरमध्ये ऑपरेशन करून घ्यावे, एवढेच मला हवे आहे. पुढची सगळी कलमे त्यासाठी आहेत.

कलम २. ससाणे म्हणजे कोण, आणि मला त्यांची शिसारी का

आमच्या गावाच्या पूर्वेला मॅडॉक कॉलेज आहे. त्यांच्या संघाला खेचरं म्हणतात. पश्चिमेला कॉल्डर स्टेट, ते ससाणे. गाव बरोबर मधोमध असल्याने प्रत्येक घराला बाजू घ्यावीच लागते. मी खेचरांच्या घरात जन्मले. मी बॅप्टिस्ट पंथाची आणि बफर्ड मेथॉडिस्ट, याबद्दल लग्नात कोणी चकार शब्द काढला नाही. पण नवरा मुलगा ससाण्यांकडचा आहे हे कळल्यावर माझे वडील तीन दिवस जेवणाच्या टेबलाशी कोणाशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "दारू पितो का?" आई म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "मग ऑगस्टमध्ये असं बोलतो तरी कशाच्या जोरावर?"

खेचरंही हरतात. मी ते लपवत नाही. पण आम्ही सप्टेंबरपर्यंत तोंड उघडत नाही, आणि त्यामुळे डिसेंबरमध्ये आम्हाला तोंड लपवावे लागत नाही.

ससाण्यांचे तसे नाही. पहिल्या सामन्याच्या आधी त्यांच्याइतका अजिंक्य संघ अलाबामात दुसरा नाही. ऑगस्ट उजाडला की चर्चमध्ये, पेट्रोल पंपावर, उकडलेल्या शेंगांच्या गाडीपाशी तेच ऐकून कान किटतात. नवा प्रशिक्षक आलाय, जुना मुळातच नालायक होता. (तो जुना तीन वर्षांपूर्वी नवा होता, तेव्हा त्याला देवानेच धाडले होते.) आघाडीच्या पोरांनी वीस-वीस पौंड वजन वाढवलंय. वजन तर माझेही वाढले आहे, पण मी ते वर्तमानपत्रात छापून आणत नाही. शिवाय वसंत ऋतूतला सराव सामना काय झाला म्हणून सांगू! त्या सामन्यात ससाणे आपल्याच संघाचे दोन भाग करून एकमेकांशी खेळतात. त्यातसुद्धा एक ससाणा हरतोच, हे आजवर एकाच्याही लक्षात आलेले नाही.

मग ते वेळापत्रक उघडतात आणि बोट फिरवत जातात. हा जिंकला. हाही जिंकला. हा जरा अवघड, पण आपल्या मैदानावर आहे, जिंकला. असे बारा. बफर्ड हे पेनाने लिहीत असे. मी म्हणायची, निदान पेन्सिलने लिही. तो म्हणायचा, "पेन्सिलीने लिहिणाऱ्यांमुळेच आपण हरतो, ओपल."

कलम ३. ओव्हन, फिरते ताट, नळ्या आणि माझ्या हातून झालेला खोटेपणा

माझ्या बंद झालेल्या दुकानातील मोठा ओव्हन फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावा. केक फिरवून सजवायचे ताट आणि आयसिंगच्या चौपन्न नळ्या सून रोंडा हिला द्याव्यात. तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे आणि तिला शुद्धलेखन येते.

या नळ्यांबद्दल मला एक कबुली द्यायची आहे. मी एकतीस वर्षे दुकान चालवले. त्यात दरवर्षी ऑगस्टच्या दुसऱ्या शनिवारी ससाणे हितचिंतक मंडळाची न्याहारी असे आणि केकची ऑर्डर माझ्याकडे येई. तिथे दुसरे दुकान नव्हते. मंडळाचे अध्यक्ष गेरी टॉल्बर्ट, औषधाच्या दुकानाचे मालक, स्वतः येत आणि मजकूर सांगत. "मिस ओपल, यंदा लिहा, बारा-शून्य." मी लिहीत असे. निळ्या आयसिंगने, टपोऱ्या अक्षरात. एका वर्षी मी विचारले, "गेरी, गेल्या वर्षीही बारा-शून्यच लिहिलं होतं ना?"

"हो, पण त्या वर्षी आम्हाला खात्री नव्हती."

"आणि निकाल काय लागला?"

"दोन-दहा. पण दहापैकी चार अगदी थोडक्यात गेले, मिस ओपल! थोडक्यात!"

थोडक्यात हरणे हा ससाण्यांचा लाडका पदार्थ आहे. ते तो वर्षभर चघळतात.

खोटे बोलणे पाप आहे हे मला रविवारच्या शाळेत शिकवले होते. आयसिंगने लिहिले तर चालते असे कोणी शिकवले नव्हते. तरी मी एकतीस केक लिहिले, कारण धंदा होता, आणि त्या न्याहारीला माझा नवरा पहिल्या रांगेत बसलेला असे आणि केक आला की टाळ्या वाजवत असे. रोंडाने हे काम पुढे करू नये. तिला कोणी बारा-शून्य लिहायला सांगितलेच तर तिने फक्त "न्याहारी" असे लिहावे.

कलम ४. टी-शर्ट

मागच्या खोलीतल्या कपाटात बफर्डचे सदतीस टी-शर्ट आहेत. प्रत्येकावर "यंदा ससाण्यांचं वर्ष" असे लिहून खाली वर्ष छापलेले आहे. वर्ष छापायची अक्कल कोणाची मला माहीत नाही, कारण त्यामुळे एकही पुढच्या मोसमात वापरता येत नाही. यातल्या बावीसांनी मी घरातली धूळ पुसते. उरलेले पंधरा गेरी टॉल्बर्ट यांना द्यावेत असे मी लिहिणार होते, पण ते या कागदाचे साक्षीदार आहेत आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही. म्हणून गेरी यांना काहीही दिलेले नाही. याचे मला दुःख नाही.

कलम ५. माझे पती बफर्ड हॅथकॉक

हे कलम मालमत्तेचे नाही. क्लिफ्टन यांनी ते गाळायला सांगितले. मी गाळणार नाही.

२०१४ च्या ऑगस्टमध्ये बफर्डला जिने चढताना धाप लागू लागली. शहरात डॉक्टरांना दाखवले. त्या बाई ओहायोच्या होत्या, इकडे नवीन होत्या. त्यांनी यंत्रावर चित्र दाखवून सांगितले, झडप घट्ट झाली आहे, बदलावी लागेल, २२ सप्टेंबरला करू.

बफर्ड म्हणाला, "जानेवारीत केलं तर?"

"का?"

"डिसेंबरमध्ये अंतिम सामना आहे."

बाई खुर्चीत जरा पुढे सरकल्या. "तुमचा मुलगा खेळतो का संघात?"

"नाही."

"नातू?"

"नाही."

"मग तुम्हाला तिथं जायचंय कशाला?"

बफर्डने त्यांच्याकडे असे बघितले की जणू त्यांनीच काहीतरी वेडगळ विचारले. म्हणाला, "डॉक्टर, आम्ही १९७७ पासून वाट बघतोय."

बाईंनी माझ्याकडे बघितले. मी तेव्हा ओरडायला हवे होते. खुर्ची उचलून आपटायला हवी होती. मी काय केले? मी डोळे फिरवले. चाळीस वर्षे ऑगस्टमध्ये डोळे फिरवण्याची सवय झाली होती. मला वाटले, आणखी एक मूर्खपणा, बाकीच्यांसारखा हाही हसून घालवू. घरी येताना गाडी गेरीच्या दुकानापाशी थांबली. बफर्डने त्याला सगळे सांगितले आणि गेरी म्हणाला, "जानेवारीच बरं, बफर्ड. तोवर अंगठ्याही आलेल्या असतील." जिंकणाऱ्या संघाला अंगठ्या मिळतात, त्या अंगठ्या.

ससाणे पहिला सामना हरले. तेव्हा मी म्हटले, आता फोन कर, सप्टेंबरची तारीख अजून मिळेल. बफर्ड म्हणाला, एक हरलं तरी अकरा-एकला अंतिम सामना मिळतो. दुसरा हरल्यावर म्हणाला, दहा-दोनलाही मिळतो, दुसरे लोक हरले तर. चौथ्या पराभवानंतर तो कागद-पेन घेऊन बसला आणि कोणी कोणी हरायला हवे ते त्याने मला समजावले. सात संघांनी एकाच शनिवारी हरायला हवे होते. त्यातला एक संघ त्या शनिवारी खेळतच नव्हता. सहाव्या पराभवानंतर त्याने हिशेब सोडून दिला, पण फोन काही केला नाही. मी केला. रुग्णालयातून सांगितले, आता जानेवारीच्या आधी जागा नाही.

१८ नोव्हेंबरला, मंगळवारी, तो परसात पाने गोळा करत होता आणि तिथेच पडला. ससाणे तेव्हा तीन जिंकून आठ हरले होते. मंगळवारी तर कोणी खेळतही नाही.

मी ससाण्यांवर हसते असे गावाला वाटते. हसणे नऊ वर्षांपूर्वीच संपले. आता मला किळस येते.

कलम ६. माझा अंत्यविधी

बफर्डचा अंत्यविधी मी शनिवारी ठेवणार होते. मंडळाचे सहा जण टोप्या हातात घेऊन ओसरीवर आले. गेरी म्हणाला, "मिस ओपल, शुक्रवारी जमेल का? शनिवारी सामना आहे. आणि बफर्डलाही तेच आवडलं असतं." शेवटचे वाक्य खरे होते, म्हणून मी शुक्रवारी केला. शनिवारी ससाणे एक्केचाळीस-तीनने हरले.

माझा अंत्यविधी मी कोणत्याही महिन्यात गेले तरी ऑक्टोबरच्या शनिवारीच करावा. तोवर मला शीतपेटीत ठेवावे, त्याची सोय असते. ऐन सामन्याच्या वेळी करावा. आमच्याकडे त्या महिन्यात शनिवारी लग्न ठेवणाऱ्याला लोक भेट पाठवतात, स्वतः येत नाहीत. कोण येते ते बघायला मी नसेन, पण क्लिफ्टन यांनी नावे लिहून घ्यावीत. जेवणाला तळलेली कोंबडी आणि गरम, पावासारखी मऊ बिस्किटे असावीत. केक असू नये.

कलम ७. राहते घर

घर क्रमांक २१४, त्यातील सामान व परस, हे सर्व माझा मुलगा रँडल याला द्यावे, परंतु एका अटीवर. त्याने येत्या ३० सप्टेंबरपूर्वी झडपेचे ऑपरेशन करून घेतलेले असावे व डॉक्टरांचे सहीचे पत्र क्लिफ्टन यांच्याकडे जमा केलेले असावे. पाद्र्याचे, व्यायाम शिक्षकाचे किंवा गेरीचे पत्र चालणार नाही.

अट न पाळल्यास सदर घर मॅडॉक खेचर हितचिंतक मंडळाला द्यावे. मंडळाने ते आतून-बाहेरून खेचरांच्या तपकिरी व पिवळ्या रंगात रंगवावे. अंगणात पूर्ण मापाचे खेचर उभे करावे. खेचराचे तोंड रँडलच्या बैठकीच्या खिडकीकडे असावे. प्रत्येक शनिवारी सकाळी बँड वाजवावा.

हे कलम मी गेल्या गुरुवारी रँडलला ओसरीवर बसवून वाचून दाखवले. रोंडाने गोड चहा आणून ठेवला आणि आत गेली. रँडल हसला. अगदी बापासारखा हसतो, खालचा ओठ आधी.

"आई, याच्यासाठी तुला मरावं लागेल."

"मरेन की."

"कधी? तू नव्वदीपर्यंत जाणार. तोवर आपण तीनदा जिंकलेलो असू."

"आपण नाही. तुम्ही."

"बरं, आम्ही. आई, चार महिन्यांचा तर प्रश्न आहे. डॉक्टर म्हणाले, तातडीचं नाही."

"ते म्हणाले, सप्टेंबर."

"ते म्हणाले, सप्टेंबर बरा. बरा म्हणजे जानेवारी वाईट असं नाही. आणि ऑपरेशननंतर सहा आठवडे पडून राहायचं. म्हणजे सहा सामने! ह्या वर्षी! आई, तू तो नवा क्वार्टरबॅक चेंडू फेकताना बघितलाच नाहीस. साठ यार्ड! असा हात हलवतो नुसता."

"तुझ्या वडिलांनीही हेच केलं, रँडल."

तो ग्लासातला बर्फ हलवत राहिला. मला वाटले, आता शब्द पोचले. मग म्हणाला, "पप्पांची गोष्ट वेगळी होती."

"काय वेगळं होतं?"

"तेव्हा आपल्याकडे क्वार्टरबॅक नव्हता."

मी उठून आत गेले. मला सिंकपाशी उभे राहावे लागले. माझ्या पोटचा पोरगा, अभियंता, गावातले पूल तपासतो. पुलाला केसाएवढी चीर दिसली तर रस्ता बंद करतो, चार दिवस लोकांच्या शिव्या खातो, ऐकत नाही. आणि स्वतःच्या छातीतली चीर एका एकोणीस वर्षांच्या पोराच्या हातावर सोडून मोकळा झाला. ह्याला मी जन्म दिला, ह्याचीही मला त्या वेळी किळस आली. आईने असे लिहू नये. पण खरे ते लिहिले.

कलम ८. दोन आसने

कॉल्डर स्टेटच्या मैदानावरील पश्चिम बाजूची, अठराव्या रांगेतील दोन आसने बफर्डच्या नावावर होती. त्यांचे दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करावे लागते, नाहीतर ती दुसऱ्याला जातात. बफर्ड गेल्यावर मी त्यांचे नऊ वेळा नूतनीकरण केले आहे. मी, खेचरांच्या घरातली. चेक लिहिताना दरवेळी दात ओठ खाल्ले. रँडल आणि रोंडा तिथे बसतात. ती आसने रँडलकडे जावीत, बिनशर्त. एवढी एकच गोष्ट मी अट न घालता देते आहे, कारण तिथे बसायला तो असला पाहिजे.

खेचरांच्या मैदानावरची माझी आसने शेजारीण वर्दा ली मॅकनीस हिला द्यायची होती. पण तीही साक्षीदार आहे आणि म्हणते, "ओपल, गुडघे तुझे गेलेत तसे माझेही. मला सही करू दे, जिने नकोत." म्हणून ती मॅडॉकच्या बँडमधील मुलांच्या पालकांना द्यावीत.

कलम ९. हयातीत द्यावयाची देणगी

मृत्युपत्रात हयातीतले काही लिहीत नाहीत, असे क्लिफ्टन म्हणाले. तरी लिहिते, कारण वरच्या कलमांनी काम होणार नाही हे मला कळले आहे. रँडलचे म्हणणे बरोबर आहे. खेचर अंगणात उभे राहायला आधी मी जायला हवी, आणि माझी जायची घाई नाही.

रँडलने १८ सप्टेंबरची तारीख पुन्हा मिळवली, तर तो पडून असेल त्या सहाही शनिवारी मी रस्ता ओलांडून त्याच्या घरी जाईन. त्याच्या शेजारी बसून ससाण्यांचे सामने बघेन. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते जिंकले तर टाळ्या वाजवेन. हरले तर "थोडक्यात गेला" असे म्हणेन. डोळे फिरवणार नाही. निळा रंग घालायला सांगितला तर घालेन. माझ्या वडिलांना वर हे दिसत असेल तर त्यांनी तीन दिवस बोलू नये.

माझ्याकडे देण्यासारखे याहून मोठे काही नाही. घर त्यापुढे लहान आहे.

या कलमाची प्रत रँडलला आजच, टपालाने नव्हे, हाती पोचवावी.

कलम १०. बाकी

बँकेतील शिल्लक अंत्यविधीचा खर्च जाऊन रोंडाला द्यावी. बफर्डचा जुना ट्रक ज्याला सुरू करता येईल त्याने न्यावा. मृत्युपत्राची अंमलबजावणी क्लिफ्टन यार्बरो यांनी करावी.

कलम ११. मुलगा आधी मयत झाल्यास

क्लिफ्टन यांच्या छापील नमुन्यात हे कलम असतेच. त्यात लिहिले आहे, "माझ्या हयातीत माझा मुलगा रँडल हॅथकॉक मयत झाल्यास त्याला दिलेली मालमत्ता खालील व्यक्तीस मिळावी", आणि खाली एक रेघ आहे. तिथे नाव लिहायचे.

मी सकाळपासून इथे पेन धरून बसले आहे. बाकी सगळे पान भरले. कोणाचे नाव लिहायचे हा प्रश्न नाही, नावे पुष्कळ आहेत. मी क्लिफ्टन यांना म्हटले, हे कलम काढून टाका. ते म्हणाले, "काढलं तर तसं झाल्यावर कोर्टाला ठरवावं लागेल, मिस ओपल. सगळेजण भरतात. नुसती काळजी म्हणून. याचा अर्थ तसं होणार असा नाही."

मला माहीत आहे त्याचा अर्थ काय नाही ते. मी आयुष्यभर आधीच वाईट धरून चालले आणि त्याचा मला अभिमान होता. बफर्डचे वाईट मात्र धरले नाही, आणि ते झाले. तेव्हा मी इथेही वाईट धरून चालायला हवे, तेच शहाणपणाचे आहे, आणि माझी बुद्धी शाबूत आहे असे मी वर लिहूनच दिले आहे.

पण आधी आई जाते आणि मग मुलगा. हा कागद मी त्या क्रमाने लिहिला. उलट्या क्रमाने मला लिहिता येत नाही. काय करायचे ते कोर्टाने करावे.

________________________

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला व खाली सही केली.

(सही) ओपल जीन हॅथकॉक

साक्षीदार:

१. वर्दा ली मॅकनीस, शेजारीण, घर क्रमांक २१६, डॉगवुड रस्ता. (सही)

२. गेरी टॉल्बर्ट, औषध विक्रेता, अध्यक्ष, ससाणे हितचिंतक मंडळ. (सही) सही करताना कलम पाच दोनदा वाचले. कलम नऊची प्रत रँडलकडे मी स्वतः घेऊन जात आहे. २०१४ साली जे बोललो ते मी बोललो होतो, हे त्याला मीच सांगेन.

स्थळ: हार्लन क्रीक, अलाबामा. दिनांक: १४ ऑगस्ट २०२३, सोमवार.

वकिलाची नोंद: कलम ११ खालील रेघ कोरी आहे. ती नजरचुकीने राहिलेली नाही. लिहून देणारीने ती दोन्ही साक्षीदारांच्या व माझ्या समक्ष कोरी ठेवली, आणि आम्हा तिघांपैकी कोणीही तिला ती भरण्यास पुन्हा सांगितले नाही.

(सही) क्लिफ्टन यार्बरो